उजव्या शंखांचा ताल

मी ड्रॉइंग मास्तर. सोलापूरच्या एका हायस्कुलात एकवीस वर्षं मुलांना फुलदाण्या, घडे आणि वांगी काढायला शिकवलं. माझी ख्याती मात्र तिरसट म्हणून झाली, आणि ती खोटी नव्हती. ज्याला वांगं नीट बघता येत नाही त्यानं जगात येऊन बघितलं काय, असं मी वर्गात म्हणायचो. अजूनही म्हणतो. पण पुढे जो घोळ झाला तो माझ्या डोळ्यांनी केला नाही, तोंडानं केला. डोळ्यांनी काम चोख बजावलं होतं.

गावात मार्शल लॉ लागून गेला त्याला दोनेक वर्षं झाली होती. चार माणसं एके ठिकाणी उभी दिसली की पोलीस अजून वळून बघायचे. मी दर रविवारी चित्रांची वही घेऊन शहराबाहेर पडायचो. माळावर एकटा माणूस दगडासमोर बसला तर कुणाला संशय येत नाही, फार तर लोक वेडा म्हणतात. बार्शीच्या रस्त्यानं दोन कोस गेलं की एक ओढा लागायचा आणि त्याच्या काठच्या उतारावर एका धनगर बाईचं शेत होतं. शेत लहान, पण माती काळीभोर आणि कंबरभर खोल. कारण खालच्या अंगाला तिच्या नवऱ्याच्या आज्यानं घातलेला ताल होता. ताल म्हणजे पावसात माती वाहून जाऊ नये म्हणून उताराला आडवा रचलेला दगडी बांध. हा छातीइतका उंच, दोनशे हात लांब. त्यात ना चुना ना चिखल, नुसता दगडात दगड बसवलेला. तालाच्या कडेनं करंजाची जुनी झाडं होती. त्यांचा पाला फटींमध्ये वर्षानुवर्षं कुजत आला होता, त्यामुळे चैत्रातल्या उन्हातही दगडांत हात घातला की आत गार लागायचं.

त्या गारव्यात मला ती गोगलगाय सापडली.

बोटाच्या पेराएवढी, उंच, निमुळती, साईच्या रंगाची, आणि त्या रंगावर टोकापासून तोंडापर्यंत गेलेली एकच तपकिरी रेघ. कोरड्या दिवसांत ती फटीत चिकटून झोपायची आणि तोंडावर पांढऱ्या पापुद्र्याचं झाकण ओढून घ्यायची. मी ती तीन रविवार काढत होतो आणि तिन्ही वेळा चित्र चुकल्यासारखं वाटत होतं. चौथ्या रविवारी डोक्यात उजेड पडला. टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून कुठलीही गोगलगाय धरा, तिचं तोंड उजवीकडे असतं. हिचं डावीकडे होतं. हिचं सगळं वळणच उलटं होतं.

मग मला चैन पडेना. शेजारच्या शेतांचे बांध पाहिले, ओढ्याचे दोन्ही काठ पाहिले, किल्ल्याच्या खंदकातले दगड उलथे करून पाहिले. साध्या गोगलगाई सापडल्या, ही कुठेच नाही. त्या दोनशे हातांपलीकडे तिचं घर नव्हतं. दोन रिकामी कवचं कापसात गुंडाळून मी मुंबईच्या एका साहेबाकडे पाठवली. साहेब गोगलगाई जमवतो एवढंच मला कुणीतरी सांगितलं होतं. महिन्याभरानं त्याचं पत्र आलं. डाव्या वळणाची अशी गोगलगाय त्यानं आजवर पाहिली नव्हती. दोन डझन जिवंत पाठवा, म्हणाला, आणि जागा कुणाला सांगू नका.

शेवटचं वाक्य मी वाचलं होतं, दोनदा वाचलं होतं. तरी पत्र आणि एक जिवंत गोगलगाय खिशात घालून मी शिक्षकांच्या खोलीत गेलो.

तिथे आमचे संस्कृतचे शास्त्रीबुवा होते. शाळेत माझ्याशी आपणहून बोलणारा हा एकच माणूस. मधल्या सुट्टीत ते माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी खायचे आणि बदल्यात मला शहाणपण शिकवायचे. मी गोगलगाय त्यांच्या तळहातावर ठेवली आणि पत्रातलं "डाव्या वळणाची" हे वाचून दाखवलं. शास्त्रीबुवांनी ती उलटी केली, टोक खाली आणि तोंड वर, पूजेतला शंख धरतात तशी. आणि दोन्ही हातांनी ती स्वतःच्या कपाळाला लावली.

साहेबाला काही कळत नाही, ते म्हणाले. हा उजवा आहे.

मी म्हटलं डावा. ते म्हणाले उजवा. मी टोक वर करून दाखवायचो, ते टोक खाली करून दाखवायचे. दोघंही बरोबर होतो. साहेब एका टोकाकडून मोजतो आणि आपण दुसऱ्या, म्हणून साहेबाचा डावा तो आपला उजवा. हे उमगायला आम्हाला अर्धी सुट्टी लागली. आणि उजवा शंख म्हणजे काय हे कुणाला सांगायला नको. समुद्रातले शंख सगळे डावे, लाखांत एखादा उजवा, आणि तो ज्याच्या देवघरात असेल त्याच्या घरी लक्ष्मी मुक्कामाला. शास्त्रीबुवांनी आयुष्यभर त्याचं वर्णन वाचलं होतं, डोळ्यांनी कधी पाहिला नव्हता. गोगलगाय असली म्हणून काय झालं, वळण तर तेच, असं ते म्हणाले.

तिथेच त्यांना गप्प करायला हवं होतं. पण खरं सांगतो, मला आनंद झाला होता. एकवीस वर्षांत माझं कुठलं चित्र कुणी कपाळाला लावलं नव्हतं. मी सांगत सुटलो, कुठे सापडली, कुठल्या ओढ्याकाठी, एकेका फटीत कशा पाच-पाच असतात. शाळेचा शिपाई चहाचे पेले घेऊन दारात उभा होता आणि चहा थंड होईपर्यंत तिथून हलला नाही. तेवढ्यानं कारभार आटोपला.

पुढच्या रविवारी मी चौकात टांगा शोधत होतो. एक टांगेवाला जवळ येऊन मला म्हणाला, "मास्टर, शंख के उधर जानेका क्या?" त्यानं घोड्याला चुचकारलं आणि सांगितलं की सकाळपासून त्याची ही तिसरी फेरी.

तालावर जत्रा भरली होती. पेठेतले व्यापारी होते, गिरणीत मजूर भरणारे जॉबर होते, साळ्यांच्या वस्तीतून बायका तेलुगूत बोलत टोपल्या घेऊन आल्या होत्या, पलीकडच्या खेड्यांतून बैलगाड्या आल्या होत्या. पहारींनी दगड उपसले जात होते. खाली नीट दिसावं म्हणून कुजलेला पाला झाडून पेटवून दिला होता, आणि उजेड यावा म्हणून करंजाच्या फांद्या तोडल्या होत्या. वाळलेल्या, झोपलेल्या गोगलगाई लोकांना इवलेसे शंखच वाटत होत्या. तोंडावरचा तो पांढरा पापुद्रा पाहून एक बाई दुसरीला सांगत होती की लक्ष्मीनं पदर ओढून घेतलाय. मी ओरडून सांगितलं की ही गोगलगाय आहे, आत जीव आहे. एका सावकारी चेहऱ्याच्या गृहस्थानं मला समजावलं की मास्तर, सगळं आपल्या एकट्याला मिळावं असं मनात आणू नये.

आणि ती धनगर बाई. साठीची असेल, उंच, काटक, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मेंढरं वाड्यात कोंडून ती काठी घेऊन तालावर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावत होती. ती इकडे आली की लोक तिकडे दगड काढायचे. मला पाहून ती थांबली. तिला दम लागला होता, तरी आवाज चढवला नाही.

"मास्तर, तुमी शंख शंख करत गाव गोळा केलं. माझी माती हाय ती हितं. हत्तीचा पाऊस आला की समदी वड्याला जाईल. मंग मी काय शंख फुंकत बसू व्हय?"

आमच्या सोलापूरकडे खरा पाऊस हस्ताचाच. त्याला हत्ती म्हणतात ते उगाच नाही. आधीची नक्षत्रं निम्मीअधिक कोरडी जातात आणि हस्त चार दिवसांत सगळं वसूल करतो. त्या आधी ताल उभा राहिला नाही तर तीन पिढ्यांनी धरून ठेवलेली तिची माती एका रात्रीत ओढ्यात जाणार होती आणि खाली नुसता मुरूम उरणार होता. माझ्या गोगलगाईंना दुसरं घर नव्हतं, तसं तिलाही दुसरं शेत नव्हतं. दोन्ही एकाच तालावर उभं होतं आणि तो ताल मी पाडला होता. मला माझीच लाज वाटली.

मग माझा तिरसटपणा मी कामाला लावला. गावच्या पाटलाकडे गेलो. तो म्हणाला, देवाधर्माची बाब, मी कसा आड येऊ. कचेरीत अर्ज दिला. कारकुनानं तो दोनदा वाचला आणि मला विचारलं की गोगलगाय कशात दाखल करायची, झाडात, जनावरात की गौण खनिजात. मी म्हटलं जनावरात. तो म्हणाला, मग मालक कोण? अर्ज तिथेच राहिला. पहारी चालूच होत्या. फटी रिकाम्या झाल्या तेव्हा लोक यायचे थांबले. तोवर ताल दोनशेपैकी दीडशे हात आडवा झाला होता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी रोज तिथे गेलो. बाई दगड रचायची आणि मी तिच्या हाताखाली. मोठ्या दगडाचं जड तोंड आत घ्यायचं, बाहेर नाही. दोन दगडांवर एक यायला हवा, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, पोटात कपच्या ठासायच्या. हे मला तिनं शिकवलं, आणि शिकवताना मी वर्गातल्या मुलांना जे जे बोललो होतो ते सगळं मला ऐकवलं. दिवसाला दोन हातही काम व्हायचं नाही. पुढे शाळा सुरू झाली आणि फक्त रविवार उरले. हिशेब सरळ होता, आमच्यानं हे हस्तापर्यंत होणारं नव्हतं.

शास्त्रीबुवांशी मी बोलणं टाकलं. ते माझ्या टेबलापाशी येऊन घुटमळायचे, मी डबा बंद करायचो. ते काही वाईट माणूस नव्हते. लोक त्यांना विचारायला यायचे की बुवा, शंख आणला, आता पूजा कशी करू? त्यांनी पोथ्या चाळून सांगितलं, लाल कापडात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवा, श्रावणातल्या पहिल्या शुक्रवारी बाहेर काढा, पंचामृतानं स्नान घाला आणि देवघरात मांडा. तोवर पाण्याचा थेंब लागू देऊ नका. साऱ्या सोलापुरानं ते बिनतक्रार पाळलं.

श्रावणातल्या पहिल्या शनिवारी सकाळी मी दाढी करत होतो. आतून बायकोची हाक आली, "अहो, जरा इकडे या." आवाज असा की वस्तरा हातातच राहिला.

शास्त्रीबुवांना दाखवलेली ती गोगलगाय मी टेबलाच्या खणात ठेवली होती आणि विसरलो होतो. बायको विसरली नव्हती. तिनं ती चैत्रातच गुपचूप तांदळाच्या डब्यात नेऊन ठेवली होती आणि काल, शुक्रवारी, मी शाळेत असताना दूध, दही, तूप, मध, साखर आणि वर शुद्ध पाणी घालून अन्नपूर्णेच्या शेजारी मांडली होती. आता चांदीचं ताम्हण रिकामं होतं. ताम्हणापासून अन्नपूर्णेच्या अंगावरून, समईला वळसा घालून भिंतीपर्यंत ओली चकचकीत रेघ गेली होती. भिंतीवर, वीतभर उंच, दोन शिंगं बाहेर काढून आमची लक्ष्मी चुना चाटत दाराच्या दिशेनं चालली होती.

मला इतकं हसू आलं की अर्धी दाढी घेऊन मी खालीच बसलो. चार महिने तांदळात झोपलेली ती, पाणी मिळालं आणि उठली. मी समजावून सांगायला लागलो की कवच वाढवायला हिला चुना लागतो, कोरड्यात ही झोपते, ओल लागली की… बायकोचा चेहरा पाहून थांबलो. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. लक्ष्मी घर सोडून चाललीय, एवढंच तिला दिसत होतं. पूजा केली त्याच दिवशी उठून निघाली, म्हणजे आपण तिला बळजबरीनं आणली होती, ती म्हणाली. जिथली आहे तिथे नेऊन ठेवा, आजच ठेवा.

मी तोंड उघडलं आणि मिटलं. मला आठवतंय, आयुष्यात मी पहिल्यांदाच तोंड मिटलं तो हा क्षण. कारण त्याच वेळी मला समजलं की या क्षणी सोलापुरातल्या घराघरात, गिरण्यांच्या चाळींपासून पेठेतल्या माड्यांपर्यंत, हेच चाललं असणार. आणि सगळ्यांना आपापली लक्ष्मी जिथली तिथे नेऊन ठेवायची असणार.

अर्ध्या तासात शास्त्रीबुवा दारात उभे राहिले. पाचावर धारण बसलेली, हातात झाकलेली वाटी. त्यांची उंबरठ्यापर्यंत गेली होती. चार महिन्यांत मी त्यांच्याशी बोललो नव्हतो, ते सगळं त्या दारात बोलून घेतलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, मास्तर, दुसऱ्यांच्याही चालल्या असतील का? मी म्हटलं, ज्या जगल्या असतील त्या सगळ्या. ज्या मेल्या त्यांचा दोन दिवसांत वास येईल, देवघरात. शास्त्रीबुवांनी डोळे मिटले.

शनिवार, म्हणून संध्याकाळी मारुतीच्या देवळात दाटी होती. पण त्या दिवशीची दाटी निराळी होती. प्रत्येकाच्या हातात काहीतरी झाकलेलं. कुणाची वाटी, कुणाचा गडवा, कुणाची लाल कापडाची पुरचुंडी. कुणी कुणाच्या हाताकडे बघत नव्हतं. आपल्या घरातून लक्ष्मी निघाली हे कोण कबूल करणार? सगळे मारुतीला मनातल्या मनात विचारून घरी जायच्या बेतात होते. तेव्हा शास्त्रीबुवा देवळाच्या वरच्या पायरीवर चढले आणि त्यांनी वाटीवरचं झाकण काढलं.

"माझ्या घरातून लक्ष्मी चालत निघाली," ते म्हणाले. "हा शंख नाही. हा जीव आहे. या मास्तरांनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. तुम्ही मला विचारलंत आणि मी न बघता पोथी उघडली. शंख कुणी असेल तर तो मी."

पहिल्यांदा मागे कुणीतरी फस्सकन हसलं. मग सगळे हसले, शास्त्रीबुवाही हसले. आणि झाकणं उघडायला लागली. एकाची रात्रीतून तिजोरीवर चढली होती. एका बाईची देवीच्या नाकातल्या नथीवर बसली होती. सावकारी चेहऱ्याच्या त्या गृहस्थानं दोन हात दाखवत सांगितलं की त्याच्याकडच्या अकरा एकाच वेळी निघाल्या, रांगेनं. काही लोक खाली मान घालून उभे होते. त्यांच्या उठल्याच नव्हत्या. प्रायश्चित्त काय, म्हणून त्यांनी विचारलं. शास्त्रीबुवांनी या खेपेला पोथी काढली नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, जिथून आणलं तिथे जायचं आणि तिथलं मोडलं ते जोडायचं. बाकी काही नाही.

काहीजण गोगलगाय परत करायला तयार झाले, काही रुसलेल्या लक्ष्मीला पोचवायला. मला ते खटकलं. गोगलगाय ती गोगलगाय, असं मला ओरडावंसं वाटत होतं. बायको शेजारीच उभी होती. आता बोलू नका, ती हळूच म्हणाली. आणि मी नाही बोललो.

रविवारी उजाडताच टांगे लागले. मी अगोदरच जाऊन बाईला सगळं सांगितलं होतं. ती हसली नाही. मेंढरं वाड्यात कोंडली, पदर खोचला आणि काठी घेऊन तालाच्या तोंडाशी उभी राहिली. पहिला टांगा थांबला, त्यातून पेठेतलं एक जोडपं उतरलं, हातात हळदकुंकू लावलेली वाटी.

"न्यायला आलाय की ठेवायला?" तिनं विचारलं.

ठेवायला, ते म्हणाले.

"मंग आदी दगड," बाई म्हणाली. "फट न्हाय तर ती ऱ्हाईल कुटं? आदी दगड, मंग ती."

त्या दिवशी तिचं राज्य होतं. प्रत्येकानं जिथून उपसलं होतं तिथेच त्याला उभं केलं. कुणी विसरल्याचं सोंग केलं तर ती त्याला बरोबर त्या जागी नेऊन उभी करायची, कारण काठी घेऊन धावताना तिनं एकूण एक चेहरा पाहून ठेवला होता. व्यापाऱ्यांनी कोट काढून करंजावर टांगले. नऊवारीचे काचे मारून बायका दगडांची साखळी करून उभ्या राहिल्या. साळ्यांच्या वस्तीतल्या बायकांची बोटं सगळ्यात चलाख, कपच्या ठासायच्या त्यांनीच. शास्त्रीबुवा सोवळं नेसून आले होते आणि दुपारपर्यंत त्या सोवळ्याचा रंग ओळखू येत नव्हता. त्यांनी एक मोठा दगड जड तोंड बाहेर करून बसवला. बाईनं तो त्यांना तीनदा काढायला लावला. मी शेजारीच होतो. मला अतिशय बरं वाटलं.

गर्दीची खबर लागून एक पोलीस आला. जमाव कशाचा, म्हणून त्यानं बाईलाच दरडावलं. तिनं त्याला नखशिखांत पाहिलं आणि एक दगड त्याच्या हातात दिला. तो दगड घेऊन थोडा वेळ तसाच उभा राहिला, मग रांगेत लागला. संध्याकाळी जाताना त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं की त्याच्याही घरी एक आहे, ती पुढच्या रविवारी आणली तर चालेल का.

असे सात रविवार झाले. पहिल्या रविवारी माणसं लक्ष्मीसाठी आली असतील, पण शेवटच्या तीन-चार रविवारी जी आली त्यांच्याकडे ठेवायला काही उरलं नव्हतं. ती नुसती दगड लावायला आली. आपला तुकडा शेजारच्यापेक्षा वाकडा दिसतो म्हणून भांडली आणि पुन्हा रचून गेली. खाली पसरायला कुणी करंजाचा, कुणी बांधावरचा पाला पोत्यांनी आणला. मुंबईच्या साहेबाला मी त्याच सुमारास उत्तर लिहिलं: दोन डझन पाठवता येणार नाहीत, एकही पाठवता येणार नाही, पाहायची असेल तर आपण यावं, बाईंची परवानगी मी काढून ठेवीन.

आणि हस्त लागला. दुसऱ्याच दिवशी दुपारपासून जो पाऊस सुरू झाला तो थांबेना. रस्त्यांवर गुडघाभर पाणी, शाळेला सुट्टी. मी खिडकीत बसून मनात तो ताल रचत होतो. साठ-सत्तर घरच्या लोकांनी रचलेला, ज्यांनी आयुष्यात तांदूळ आणि पोथ्यांखेरीज काही उचललं नव्हतं. त्यातला एक दगड निसटला तर शेजारचे दहा जाणार आणि मागे ती सगळी माती. जेवण जाईना. बायको म्हणाली, इथे बसून काय करणार, जा. तिसऱ्या दिवशी सकाळी पाऊस जरा उघडला तसा निघालो. टांगेवाला यायला तयार नव्हता. मी कुठे जातोय ते कळल्यावर आला. वाटेत शास्त्रीबुवा छत्री धरून चालत जाताना दिसले, त्यांना वर घेतलं.

ओढा लालगढूळ होऊन धावत होता. शेजारच्या दोन शेतांचे बांध फुटले होते आणि त्यांच्यातून पिवळा मुरूम वर आला होता. पुढे वळण घेतलं आणि ताल दिसला. उभा होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोनशे हात, कुठे पोट सुटलेला, कुठे वेडावाकडा, पण उभा. मागे शेतभर पाणी तुंबलं होतं आणि दगडांच्या शेकडो फटींतून ते झिरपत होतं. निवळशंख. मातीचा कण नाही त्यात. आणि त्या ओल्या दगडांवर, करंजाच्या बुंध्यांवर, पाल्यावर, जिकडे पाहावं तिकडे साईच्या रंगाची ती, शिंगं काढून, निवांत चाललेली. डावी म्हणा, उजवी म्हणा. मला रडू फुटलं. शास्त्रीबुवांना माझ्या आधीच फुटलं होतं.

बाई मांडीभर पाण्यात उभी होती. आम्हाला पाहून ती वाकली, पाण्याखाली दोन्ही हात घातले आणि ओंजळभर काळी माती वर काढली. बोटांमधून पाणी गळून जाईपर्यंत तशीच धरून ठेवली.

"मास्तर, गेली न्हाय," ती म्हणाली. "वंजळभर बी गेली न्हाय."

आणि ती हसली. उन्हाळ्यापासून तिच्याबरोबर दगड वाहिले, पण तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मी चपला काढल्या, धोतर खोचलं आणि पाण्यात उतरलो. तिनं ती माती माझ्या हातात दिली.